०३/०४/२०२५ म्हणजे नक्की कधी? तारीख कुठे, कशी लिहावी

०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? नुसत्या आकड्यांवरून हे ठरत नाही. भारत, ब्रिटन आणि युरोपातले बहुतेक देश दिवस आधी लिहितात. अमेरिकेत महिना आधी येतो. चीन, जपान, कोरिया आणि हंगेरीत वर्षापासून सुरुवात होते. कॅनडात तर तिन्ही पद्धती चालतात. कागद एकाच गावात लिहिला आणि तिथेच वाचला जात होता तोवर याने फारसं बिघडत नव्हतं. आता तीच तारीख भारतात टाइप होते, अमेरिकन सेटिंग असलेल्या कॉम्प्युटरवर उघडते आणि तिसऱ्याच देशातल्या सर्व्हरवर साठवली जाते.

गोंधळ किती दिवसांचा, ते मोजता येतं. दिवस आणि महिना दोन्ही १२ किंवा त्याहून कमी असतील तरच अदलाबदल होऊ शकते. अशा जोड्या १२ × १२ म्हणजे १४४. त्यातल्या ०१/०१, ०२/०२ अशा १२ जोड्या उलट वाचल्या तरी तारीख तीच राहते. उरले १३२ दिवस, म्हणजे वर्षातले एक तृतीयांशाहून जास्त. खरी पंचाईत अशी की बाकीच्या दिवशी सगळं सुरळीत दिसतं. कुणी २५ तारखेला नवा फॉर्म किंवा प्रोग्राम तपासून ‘चालतंय’ म्हणतो आणि चूक पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उगवते. म्हणून तारखेची कोणतीही व्यवस्था तपासताना ५ जुलैसारखी तारीख घालून बघा, २५ जुलै नको.

त्यात वर्षाचेही दोनच आकडे लिहिले की संपलंच. १०/११/१२ ही १० नोव्हेंबर २०१२ असू शकते, ११ ऑक्टोबर २०१२ असू शकते आणि १२ नोव्हेंबर २०१०सुद्धा.

सगळीकडे चालेल अशी एकच पद्धत शोधण्यात अर्थ नाही, पण दोन पुरतात. यंत्र वाचणार असेल, किंवा पुढे कधीतरी क्रम लावावा लागणार असेल, तिथे वर्ष-महिना-दिवस: २०२५-०४-०३. माणूस वाचणार असेल तिथे महिना अक्षरांत: ३ एप्रिल २०२५. नुसते आकडे आणि तिरप्या रेघा ही तिसरी पद्धत फक्त तिथेच ठेवा, जिथे छापील चौकटीवर ‘दिवस / महिना / वर्ष’ असं आधीच लिहिलेलं आहे.

वर्ष-महिना-दिवस: नियम थोडे, पण काटेकोर

ही पद्धत आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात १९८८ साली आली आणि त्याची सध्याची मुख्य आवृत्ती २०१९ची आहे. वर्ष पूर्ण चार आकडी, महिना दोन आकडी, दिवस दोन आकडी, मध्ये हायफन. एक आकडी महिन्याआधी आणि दिवसाआधी शून्य हवंच: २०२५-३-९ नव्हे, २०२५-०३-०९. हायफन नको असतील तर सगळेच काढायचे: २०२५०३०९. एक ठेवून एक काढलेलं चालत नाही.

नुसतं वर्ष आणि महिना लिहायचा असेल तर हायफन काढता येत नाही. २०२५-०३ बरोबर, २०२५०३ चूक. कारण सहा आकडे सलग दिसले की ते ‘वर्षाचे शेवटचे दोन, महिना, दिवस’ असेही वाचले जातात. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत जन्मतारीख अशीच सहा आकड्यांत असते. १४ जुलै १९८५ तिथे ८५०७१४ होते.

या पद्धतीचे दोन फायदे आहेत. पहिला म्हणजे वर्षाने सुरू होऊन पुढे दिवस आणि मग महिना लिहिण्याची प्रथा कुठेच रूढ नाही, त्यामुळे चार आकडी वर्ष समोर दिसलं की पुढचा क्रम वाचणाऱ्याला कळतो. दुसरा, मोठं एकक आधी असल्याने साध्या अक्षरक्रमाने लावलं तरी तारखा आपोआप कालक्रमाने लागतात. हायफनमध्ये मात्र जादू काही नाही. ०९-०३-२०२५ मध्येही हायफन आहेत आणि ती ०९/०३/२०२५ इतकीच संदिग्ध आहे. गुण क्रमाचा आहे, चिन्हाचा नाही.

वेळही जोडायची असेल तर मध्ये इंग्रजी कॅपिटल ‘टी’ येतो, मग चोवीस तासांची वेळ आणि शेवटी यूटीसीपासूनचं, म्हणजे जगभरच्या प्रमाण वेळेपासूनचं अंतर: २०२५-०३-०९, टी, १४:३०:००+०५:३०. अंतराऐवजी कॅपिटल ‘झेड’ असेल तर ती वेळ यूटीसीतली. अंतर लिहायचा कंटाळा करू नका. भारतात ९ मार्चला पहाटे दोन वाजलेले असतात तेव्हा यूटीसीत ८ मार्चचे रात्रीचे साडेआठ असतात. म्हणजे नुसती वेळ नव्हे, तारीखच बदलते.

या लेखात आकडे देवनागरीत छापले आहेत, पण फाइलच्या नावात, तक्त्यात आणि प्रोग्राममध्ये इंग्रजी आकडेच टाका. एकाच फोल्डरमध्ये दोन्ही प्रकारचे आकडे मिसळले की क्रमाचा भरवसा राहत नाही, आणि बरेच प्रोग्राम देवनागरी आकड्यांना तारीख मानतच नाहीत. हाताने लिहितानाही दोन्ही मिसळू नका. देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा. जानेवारीचा सप्टेंबर व्हायला तेवढं पुरतं.

फाइलची नावं

तारीख नावाच्या सुरुवातीला, मग अंडरस्कोअर, मग मजकूर: २०२५-०३-०९_सभावृत्तांत. तारीख शेवटी टाकली तर क्रम आधी मजकुराचा लागतो. एकाच मालिकेतल्या फाइल एकत्र हव्या असतील तर मुद्दाम तसंही करता येतं, पण एका फोल्डरमध्ये दोन्ही तऱ्हा नकोत.

विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरपी रेघ आणि कोलन चालत नाही. म्हणून वेळ लिहायची तर १४३० किंवा १४-३०. कॅमेरा फोटोच्या आत जी तारीख नोंदवतो ती २०२५:०३:०९ अशी कोलन घालून असते. एखाद्या टूलने ती उचलून फाइलचं नाव बनवायला सांगितलं तर आधी कोलन बदलून घ्यावे लागतात. कालावधी लिहायचा असेल तर मानकाप्रमाणे दोन तारखांमध्ये तिरपी रेघ येते. फाइलच्या नावात तिच्या जागी दोन हायफन वापरा: २०२५-०३-०९--२०२५-०३-१५.

आधीचं शून्य गाळलं तर काय होतं? विंडोजचा फाइल एक्सप्लोरर नावातले आकडे संख्या म्हणून वाचतो, त्यामुळे तिथे २०२५-३-९ ही २०२५-१२-१च्या आधीच दिसते आणि सगळं ठीक वाटतं. तीच नावं निव्वळ अक्षरक्रम लावणाऱ्या प्रोग्राममध्ये गेली की डिसेंबर मार्चच्या आधी जाऊन बसतो, कारण तिथे तुलना एक आणि तीन या अक्षरांची होते.

नावात कोणती तारीख घालायची, हेही आधीच ठरवा. सभा ९ तारखेला झाली आणि वृत्तांत १२ला लिहिला, तर नावात ९. फाइलला कॉम्प्युटर स्वतः जी ‘मॉडिफाइड’ तारीख लावतो तिच्यावर विसंबू नका. फाइल उघडून एक स्वल्पविराम बदलून सेव्ह केली तरी ती बदलते.

एक्सेलमध्ये तारखा का बिघडतात

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून आतली रचना समजून घेतलेली बरी. एक्सेल तारीख साठवत नाही, दिवसांचा अनुक्रमांक साठवतं. १ जानेवारी १९०० हा १ला दिवस. ९ मार्च २०२५चा क्रमांक ४५७२५. सेलमध्ये दिसते ती तारीख म्हणजे या आकड्यावर चढवलेला पोशाख. तो कसा असावा आणि टाइप केलेल्या अक्षरांचा अर्थ काय लावावा, हे कॉम्प्युटरच्या रिजनल सेटिंगवरून ठरतं.

आता दिवस-महिना क्रमाने लिहिलेली एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) अमेरिकन सेटिंगच्या कॉम्प्युटरवर डबल-क्लिक करून उघडली, असं धरा. ०३/०४/२०२५ची ४ मार्च होते, बिनबोभाट. १३/०४/२०२५मध्ये तेरावा महिना सापडत नाही, म्हणून एक्सेल तिला हात न लावता साधा मजकूर म्हणून ठेवतं. एकाच कॉलममध्ये निम्म्या-अर्ध्या तारखा उलटलेल्या आणि बाकीच्या तारखाच नाहीत, अशी ही अवस्था. ओळखायची खूण सोपी आहे: अलाइनमेंट कुणी बदललेली नसेल तर खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे टेकते आणि मजकूर डावीकडे. एकाच कॉलममध्ये काही उजवीकडे, काही डावीकडे दिसलं की थांबा. तिथून पुढे सॉर्ट, बेरीज, फिल्टर काहीही करू नका.

दुरुस्तीचा पहिला आणि सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मूळ सीएसव्हीकडे परत जाणं. ती डबल-क्लिकने न उघडता रिकाम्या वर्कबुकमधून ‘डेटा’ टॅबवरच्या ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आत घ्या. ‘ट्रान्सफॉर्म डेटा’ निवडा, तारखेच्या कॉलमच्या शीर्षकावर राइट-क्लिक करून ‘चेंज टाइप’ आणि त्यात ‘यूझिंग लोकॅल’ घ्या. प्रकार ‘डेट’ आणि लोकॅल ‘इंग्लिश (इंडिया)’ किंवा मूळ फाइल जिथली असेल तिथलं निवडा. एक्सेलने या कॉलमचा प्रकार आधीच ओळखून तशी पायरी लावली असेल तर उजवीकडच्या यादीतली ‘चेंज्ड टाइप’ ही पायरी आधी काढून टाका. नाहीतर उलटलेल्या तारखेवरच नवा प्रकार चढतो.

मूळ फाइल उरलीच नसेल तर दोन गटांवर वेगवेगळा इलाज करावा लागतो. शेजारी एक नवा कॉलम घ्या आणि ‘इजनंबर’ फॉर्म्युल्याने कोणता सेल खरी तारीख आहे, कोणता मजकूर, ते काढा. मजकूर असलेले सेल वेगळे करून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ वापरा. तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ निवडून ‘डीएमवाय’ हा क्रम द्या. हा क्रम मूळ मजकुराचा, तुम्हाला पुढे हवा असलेला नव्हे. इथेच लोक हमखास चुकतात. खऱ्या तारखा झालेल्या सेलसाठी ‘डेट’ फॉर्म्युला नव्याने बांधा: वर्ष तेच, महिन्याच्या जागी ‘डे’ने मिळणारा आकडा, दिवसाच्या जागी ‘मंथ’ने मिळणारा. मात्र आधी खात्री करा की त्या खरोखर उलटलेल्याच आहेत. या गटात १२च्या वरचा एकही दिवस नसेल तर उलटल्याची शंका रास्त. एक जरी असेल तर कॉलममध्ये दोन ठिकाणची माहिती मिसळली आहे.

आणखी एक सापळा उलट दिशेने येतो. सीएसव्हीत तारखा २०२५-०३-०९ अशा व्यवस्थित आहेत. तुम्ही ती एक्सेलमध्ये उघडली, एका नावातली चूक सुधारली आणि सेव्ह केली. एक्सेल सीएसव्हीत आतला क्रमांक लिहीत नाही, पडद्यावर दिसतं ते लिहितं. पडद्यावर ०९-०३-२०२५ दिसत होतं, म्हणून फाइलमध्ये तेच उतरलं. सीएसव्ही म्हणून परत सेव्ह करण्याआधी तारखेच्या कॉलमला कस्टम फॉरमॅट द्या: इंग्रजी ‘वाय’ चार, ‘एम’ दोन, ‘डी’ दोन, मध्ये हायफन.

तारीख नसलेल्या गोष्टींची तारीख होणं हा एक्सेलचा जुना छंद. ३-४ असा फ्लॅट क्रमांक टाकला की झाली तारीख. ‘सेप्ट’ आणि ‘मार्च’ने सुरू होणाऱ्या जनुकांच्या संक्षिप्त नावांचं असंच होत होतं, शेवटी मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने २०२० साली ती नावंच बदलली. एवढं टोक गाठायचं नसेल तर टाइप करण्याआधी कॉलमचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करून ठेवा. नंतर केल्याने मूळ मजकूर परत मिळत नाही, तारखेचा अनुक्रमांक तेवढा हाती येतो.

दोन आकडी वर्षाचं शतक कोण ठरवतं? एक्सेलची रूढ सीमा २०२९: २९ टाइप केलं तर २०२९, ३० टाइप केलं तर १९३०. युनिक्स परंपरेतले प्रोग्राम ६८पर्यंत २०००च्या शतकात धरतात आणि ६९पासून १९००च्या. म्हणजे जन्मसाल ४५ असेल तर एकीकडे आजोबा आणि दुसरीकडे अजून न जन्मलेलं मूल. विंडोजमध्ये ही सीमा सेटिंगमधून बदलता येते, त्यामुळे शेजारच्या दोन कॉम्प्युटरांवरही उत्तर वेगळं येऊ शकतं. चार आकडे लिहा.

सगळ्या तारखा चार वर्षं आणि एक दिवसाने सरकलेल्या दिसल्या तर कारण वेगळं आहे. काही वर्कबुकांत मोजणी १९०४पासून सुरू होते (ही मॅककडची जुनी सवय) आणि दोन मोजण्यांत १४६२ दिवसांचा फरक आहे. तेवढे मिळवले किंवा वजा केले की काम झालं.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी

वर्ष-महिना-दिवस वापरली म्हणून सगळे धोके टळत नाहीत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये भाषा ब्रिटिश इंग्लिश असेल तर जुना ‘डेटटाइम’ प्रकार २०२५-०३-०९ला वर्ष-दिवस-महिना समजून ३ सप्टेंबर करतो. तिथे हायफन नसलेलं २०२५०३०९ सुरक्षित आहे, किंवा ‘डेट’ आणि ‘डेटटाइम२’ हे नवे प्रकार.

जावास्क्रिप्ट नुसती २०२५-०३-०९ ही यूटीसीतली मध्यरात्र धरते. पुढे वेळ जोडली पण अंतर दिलं नाही तर स्थानिक वेळ धरते. अमेरिकेतल्या वापरणाऱ्याला म्हणूनच वाढदिवस एक दिवस आधी दिसतो. जन्मतारखेला, सणाला, बिलाच्या तारखेला वेळ नसते. ती क्षण म्हणून साठवू नका, नुसती तारीख म्हणून साठवा.

जावामध्ये मोठा ‘वाय’ आणि छोटा ‘वाय’ वेगळे. मोठा आठवड्याचं वर्ष देतो. आयएसओच्या हिशेबाने आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. त्यामुळे ३० डिसेंबर २०२४ हा दिवस २०२५च्या पहिल्या आठवड्यात जातो आणि मोठा ‘वाय’ छापतो २०२५-१२-३०. ही चूक वर्षभर लपून बसते आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत बाहेर येते, नेमकी सगळे सुटीवर असताना.

माणसांसाठी लिहिताना

पत्र, निमंत्रण, करार, सूचना: ९ मार्च २०२५. महिना अक्षरांत आला की दिवस आधी की महिना, हा प्रश्नच उरत नाही. महिन्याचं नाव तोडायचं असेल तर जपून. ‘जु.’ म्हणजे जून की जुलै? हे दोन तसेच मार्च आणि मे कधीच तोडू नका. फेब्रु., सप्टें., ऑक्टो., नोव्हें., डिसें. चालतात. कीटकांच्या नमुन्यांना लावायच्या चिमुकल्या चिठ्ठ्यांवर जागा नसते म्हणून संशोधक महिना रोमन अंकांत लिहितात. युक्ती छान आहे, पण ती माहीत असलेल्यांपुरती.

बैठक किंवा मुदत कळवताना वारही लिहा: शुक्रवार, १४ मार्च २०२५. वार हा फुकटचा ताळा आहे. लिहिणाऱ्याने आकडा चुकवला तर वार जुळत नाही आणि वाचणारा विचारतो. ‘पुढच्या शुक्रवारी’ असं मोघम लिहू नका. बुधवारी वाचणारा त्याचा अर्थ परवा लावेल किंवा नऊ दिवसांनी.

मुदतीसाठी ‘१४ तारखेला रात्री १२पर्यंत’ हे सर्वांत वाईट. १४ तारीख सुरू होते तेव्हाचे १२ की संपते तेव्हाचे? आयएसओ ८६०१ मानकातही २०१९च्या आवृत्तीने दिवस संपतानाची मध्यरात्र दाखवणारं २४:०० काढून टाकलं आणि २०२२च्या दुरुस्तीने परत आणलं. त्या वादात न पडता १४ मार्च, रात्री ११:५९ लिहा, आणि लोक वेगवेगळ्या देशांत असतील तर कुठली वेळ तेही लिहा.

फॉर्म बनवताना जन्मतारखेसाठी कॅलेंडरची खिडकी देऊ नका; साठ वर्षं मागे जायला माणूस किती वेळा बाण दाबणार? दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने, प्रत्येकावर नाव. ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळांची ठरलेली पद्धतही हीच आहे. पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घ्यायची असेल तर मात्र कॅलेंडरच बरं, कारण तिथे वार दिसावा लागतो.

जुन्या आणि अर्धवट तारखा

जुने कागद नोंदवताना आधी कागदावर आहे तसं एका रकान्यात उतरवा आणि अर्थ लावलेली तारीख शेजारच्या रकान्यात लिहा. क्रम कळत नसेल तर त्याच वहीतली १२च्या वरची नोंद शोधा. मागच्या-पुढच्या नोंदी ओळीने आहेत का, वार दिला आहे का, ते बघा. तरीही ठरलं नाही तर फक्त वर्ष लिहा. दिवस माहीत नसेल तर १९७४-०५ एवढंच. १९७४-०५-०१ असं भरून टाकलं की पुढच्या माणसाला ती खरी १ तारीख वाटते. मानकाच्या दुसऱ्या भागात शंकेसाठी प्रश्नचिन्ह आणि अदमासासाठी ~ हे चिन्ह आहे: १९७४? आणि १९७४~.

कॅलेंडर बदलाच्या काळातल्या तारखांना कोणतं कॅलेंडर तेही जोडा. स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीच्या बहुतेक भागांत ४ ऑक्टोबर १५८२नंतरचा दिवस १५ ऑक्टोबर होता, ब्रिटनमध्ये २ सप्टेंबर १७५२नंतर थेट १४ आला, रशियात ३१ जानेवारी १९१८नंतर १४ फेब्रुवारी. म्हणूनच रशियाची ऑक्टोबर क्रांती आजच्या कॅलेंडरप्रमाणे ७ नोव्हेंबर १९१७ला येते. शिवाय अशा नोंदी एक्सेलमध्ये ठेवायच्या असतील तर रकाना ‘टेक्स्ट’च ठेवा, १९००च्या आधीच्या तारखा तारीख म्हणून त्याला मांडताच येत नाहीत.